मीटरचा अर्ज, इंचाचा कागद

१४ ऑक्टोबर २०१३
ऑरिनचा अर्ज एकदाचा तयार! राज्य सरकारने मैल, पौंड, इंच सोडून मीटर-किलो घ्यावेत, एवढंच मागणं. आमच्या भागातल्या चारशे सह्या १५ नोव्हेंबरपर्यंत जमा झाल्या, तर आमदारबाई विधेयक मांडतील. नवरोबांनी पहिली सही स्वतःची ठोकली आणि पेन माझ्यापुढे केलं. म्हटलं, माझ्या आईच्या सगळ्या कृती कपाच्या मापाच्या, मी फितूर होणार नाही. हिरमुसला बिचारा.

१६ ऑक्टोबर
कागदसुद्धा परदेशी मागवलेत — ए-फोर! मीटरचा अर्ज इंचाच्या कागदावर लिहायचा म्हणजे गुत्त्यात बसून दारूबंदीचं भाषण, म्हणतो. आपला साडेआठ इंच बाय अकरा इंच कागद उभ्या मिनेसोटाला चालतो, यालाच चालत नाही. घरातल्या प्रत्येक फाइलमधून ही चळत बोटभर बाहेर डोकावते.

२० ऑक्टोबर
मी चर्चमध्ये होते. फोनवर सांगितलं, बटाट्या-खिम्याची हॉटडिश ओव्हनमध्ये टाक. याने कुठल्याशा तक्त्यात पाहून १८० वर ठेवली. तक्ता सेल्सियसचा, ओव्हन फॅरनहाइटचा! दोन तासांनी बटाटे कच्चे ते कच्चेच. तरी म्हणतो, 'बघ आर्डिस, म्हणूनच अर्ज हवा.'

२७ ऑक्टोबर
१८८ सह्या. सह्या करणारे निम्मे त्याचेच विद्यार्थी, आता टक्कल पडलेले. मासेमारीच्या आमिषाच्या दुकानातला ड्वेन सही करता करता म्हणाला, 'सर, पंचाहत्तर साली तुम्ही सांगितलं होतं, दहा वर्षांत मैल जातील. मी तेव्हापासून वाट बघतोय.' सगळे हसले. ऑरिनही हसला.

घरी येताना मात्र गाडीतला रेडिओ बंद केला. मग म्हणाला, 'चौतीस वर्षं पोरांना हेच शिकवलं, आर्डिस. मी त्यांना खोटं सांगितलं का?' मला वाटलं होतं हे निवृत्त माणसाचं खूळ आहे. तसं नाही. वाईट वाटलं. सही मात्र केली नाही. कप म्हणजे कप.

३ नोव्हेंबर
४१२! स्वारी बर्फ झाडताना शीळ घालत होती.

६ नोव्हेंबर
राजधानीला गेलो. काउंटरवरच्या मुलीने अर्ज वाचलाही नाही. पट्टी काढली. कागद साडेआठ बाय अकरा इंचच हवा, नियम आहे. ऑरिन म्हणाला, कापून देतो. ती म्हणाली, लांबी कापाल हो, रुंदीला पाव इंच कमी आहे, ते कुठून आणाल?

परतीच्या वाटेवर मला आधी हसू फुटलं, मग त्याच्याकडे बघून थांबलं.

७ नोव्हेंबर
गठ्ठा गॅरेजमध्ये, बर्फाच्या फावड्यामागे. पुन्हा सह्या गोळा करू म्हटलं, तर म्हणतो, त्या इंचाच्या कागदावर माझं नाव लागणार नाही. हट्टी! पण प्रत्येक पानावर मुख्य अर्जदाराचं नाव लागतं. बराच वेळ विचार केला. मग साडेआठ बाय अकराच्या कागदावर टाइप केलं. त्याला बोलले नाही.

९ नोव्हेंबर
आज चर्चचं लुटफिस्कचं जेवण. वर्षातून एकदा सगळा भाग या बुळबुळीत माशासाठी लोटतो. मी वितळलेल्या लोण्याच्या किटलीवर होते. लोण्याशिवाय तो मासा कोणाच्या घशाखाली उतरत नाही, हे मला पक्कं ठाऊक! आधी सही, मग लोणी. पाद्रीबुवासुद्धा सुटले नाहीत. लव्होन, माझी पन्नास वर्षांची मैत्रीण, म्हणाली, 'तू? तू तर कपवाली!' मी म्हटलं, मासा थंड होतोय, सही कर.

ड्वेनने बायको, मेव्हणा आणि दोन्ही भाऊ आणले. त्याने पानाच्या वरचं नाव वाचलं आणि टोपी काढली. मला उगाच भरून आलं. धूर लागला म्हणाले.

३९९. दोनदा मोजल्या. माझी धरून.

१० नोव्हेंबर
सकाळी कॉफीबरोबर सगळी पानं त्याच्यासमोर ठेवली. वरचं नाव त्याने वाचलं: मुख्य अर्जदार, आर्डिस ट्वेट. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. 'एक कमी आहे, लव्होनला विचारू का?' तो म्हणाला. मी म्हटलं, 'लव्होनची झाली. शेजाऱ्यांची झाली. एकाचीच राहिलीय.' तो उठून गॅरेजमध्ये गेला. कॉफी निवली.

११ नोव्हेंबर
पट्टी घेऊन आला. पान मोजलं. सही केली, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: २१६ बाय २७९ मिलिमीटर.