आबा, कडी काढ

पलूस,
डिसेंबर १९९९

प्रिय दादा,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, लगेच हुरळून जाऊ नकोस. तुझा दिवाळी अंक पोचला. आतल्या पानावरचा फोटोही पाहिला. हनुवटीखाली मूठ, कपाळाला आठ्या, जसं काही जगाचं सगळं दुःख तुझ्याच डोक्यावर येऊन पडलंय. तुझी ती 'विसरलेल्या शोकांतिका' लेखमाला इथल्या वाचनालयातही हातोहात जाते, बरं का. बुडालेलं गलबत काय, भिंतीत चिणलेली सून काय, दुष्काळात उपाशी मेलेलं राजघराणं काय! मेलेल्या माणसांवर तुझं भारी प्रेम. ती उलट बोलत नाहीत ना.

आई मात्र तुझा शब्द न् शब्द माझ्याकडून वाचून घेते. खंडाळ्याहून बदली करून मी इकडे आले तेव्हापासून हे काम माझ्या गळ्यात पडलंय. तिला अक्षर ओळखता येत नाही, तरी चष्मा लावून ऐकते. मी हसले की म्हणते, "तुला काय कळतंय? माझं पोरगं पुण्यात नाव काढतंय." काढलंस हो नाव.

या वेळचा तुझा लेख, 'सुरतेचा पाहुणा'. सुरतेत प्लेगची साथ आली त्या वर्षीची गोष्ट. मागावर काम करणारा एक तरुण तापाने फणफणत, मिळेल त्या ट्रकने, कृष्णाकाठच्या आपल्या वस्तीवर येतो. त्याच्या घराला कुलूप. मग तो शेजारच्या कोंडाबाई नावाच्या म्हातारीचं दार ठोठावतो. ती आणि तिचा म्हातारा आतून कडी घालून बसतात, आणि हा बिचारा बाहेर कुडकुडत राहतो. मग तुझं ते प्रवचन, अडाणी गाव, भेदरट माणसं, मेलेली माणुसकी. अरे, नाव बदलायचं तर निदान कष्ट तरी घ्यायचेस. धोंडुबाईची कोंडाबाई? आपल्या वस्तीवर घरं दोन, आपलं आणि धोंडुबाईचं. अंक वाचणाऱ्या प्रत्येकाने ओळखलं. परवा बाजारात एका मास्तरणीने धोंडुबाईला तोंडावर विचारलं, "त्या तुम्हीच का हो?" बिचारी कावरीबावरी होऊन भाजी न घेताच परत आली.

वाचताना मला आधी वाटलं, आपल्या धाकट्या भावाचं, धम्मपालचं दुःख तू दुसऱ्या कुणाच्या नावावर घातलंस. कारण आम्हाला तू जे सांगितलं होतंस ते वेगळंच होतं. तेव्हा माझं बाळंतपण म्हणून आई खंडाळ्याला माझ्याकडे होती, आणि तू वहिनीला न् छोट्याला घेऊन रजेवर वस्तीवर आला होतास. आम्ही धावत आलो तोवर सगळं उरकलं होतं. तू म्हणालास, धम्मू सुरतेहून निघाला तो थेट सांगलीतच उतरला, दवाखान्यात गेला न् तिथेच संपला, घरापर्यंत पोचलाच नाही. डॉक्टरांनी हिवताप सांगितला होता, प्लेगबिग काही नव्हतं. पाच वर्षं आई एकच धोशा लावून आहे, "दारापातूर पोचला असता तर वाचला असता माझा लेक."

आता ऐक. त्या दिवशी मी वाचत होते. तू लिहिलंयस, तरुण दारावर थापा मारत म्हणत होता, "आबा, कडी काढ. लय थंडी वाजतीया." आणि पुढे शहाणपणा, की गावाकडे वडीलधाऱ्याला आबा म्हणतात. मी पुढच्या ओळीवर गेले तर आईने माझा हात धरला. म्हणाली, "परत वाच." मी वाचलं. तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. म्हणाली, "धोंडुबाईचा म्हातारा तर धम्मू पाळण्यात असतानाच गेला. मग आबा कोण गं?"

आबा कोण, ते तुला मी सांगायला नको. आपले वडील गेले तेव्हा धम्मू जेमतेम चालत होता. वस्तीवर येणाऱ्या पोरांच्या तोंडी 'आमचा आबा, आमचा आबा' ऐकून आपल्याही घरात एक आबा असावा म्हणून तो तुलाच आबा म्हणायला लागला. तू किती चिडायचास! मी दादा म्हणायचे, आई प्रबुद्ध म्हणायची, आणि तो मिसरूड फुटल्यावरही आबाच. लेखात रडू यावं म्हणून ती हाक तेवढी ठेवलीस. सगळं खोटं लिहिताना एवढं एकच खरं लिहायची हाव तुला आवरली नाही. थू तुझ्या लेखणीवर!

मी तडक धोंडुबाईकडे गेले. ती आधी काही कबूल करेना. मग पदर तोंडाला लावून रडली. तू खिडकीतून ओरडलास म्हणे, "घरात लहान पोर आहे, लांब हो!" आणि नाकाला रुमाल बांधून बसलास. धम्मू उंबऱ्याशीच पडून राहिला. धोंडुबाईने त्याला उचलून आपल्या घरात नेलं, वाकळ पांघरली, पेज पाजली, आणि सकाळी भाजीच्या टेम्पोत त्याचं डोकं मांडीवर घेऊन सांगलीला गेली. तू त्याच सकाळी बायकापोरासह पुण्याची एसटी धरलीस, न् तो गेल्याचं कळल्यावरच परत आलास. मी विचारलं, मावशी, इतकी वर्षं गप्प का बसलीस? म्हणाली, "तुझ्या आईला येकच ल्योक उरलाय. त्योबी मी कशाला घालवू?" आणि तिला तू ही बक्षिसी दिलीस! भेकड माणसं खूप असतात दादा, भीतीचं मी एक वेळ समजून घेतलं असतं. पण जिने दार उघडलं तिच्याच हातात तू कडी दिलीस. या नीचपणाला माझ्याकडे शब्द नाही.

मी हे पत्र लिहिणार नव्हते. तुझं तोंड पाहू नये असंच मला वाटतं, आणि आईही तेच म्हणेल असं वाटलं होतं. दोन दिवस ती अन्नाला शिवली नाही. मग काल उठली, धोंडुबाईच्या गळ्यात पडून पोटभर रडली, आणि घरी येऊन मला म्हणाली, "प्रबुद्धला लिही. ये म्हणावं. पयलं धोंडुबाईच्या दारात जा, तिचं पाय धर, मग हिकडं ये. मी आतनं कडी घालून बसणार हाय. त्यानं भायेर हुबा ऱ्हाऊन हाक मारायची." मी म्हणाले, आई, मी उघडू देणार नाही. तर माझ्यावरच खेकसली, "तुला कोन इचारतंय? दार माझं हाय. धम्मूला उगडाय मी न्हवते. ह्याच्या पयल्या हाकंला मी उगडणार." म्हणून हे पत्र. कालपासून ती दाराला पाठ लावून बसलीय, जरा पाचोळा वाजला की हात कडीकडे जातो. लवकर ये.

तुझीच, नातं तोडता येत नाही म्हणून,
आम्रपाली