पंप चालू केल्याबद्दल माफी

बाई, मला तुमच्यावर रागवायचं आहे, आणि तुम्ही जाऊन तर सोळा वर्षं झाली. जिवंत होतात तेव्हा तुमच्यासमोर मान वर करून बोलायची कुणाची छाती नव्हती, माझी तर नाहीच नाही. आता कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून लिहिते आहे. हे, म्हणजे माझे यजमान, आतल्या खोलीत सामान बांधत आहेत. परवा गावी जातो म्हणतात. किती दिवसांसाठी, असं विचारलं तर "पाहू" म्हणाले. मुलीलाही घेऊन जाणार आहेत. पहिली तर आहे, तिथेही शाळा आहे, असं त्यांचं म्हणणं. आठ महिन्यांत पुणं आटोपलं आमचं. याचं खापर मी तुमच्या डोक्यावर फोडणार आहे, कारण दुसरं कुणाचं डोकं हाताशी नाही.

तुम्ही नारायण पेठेतल्या. आमच्या त्या वऱ्हाडातल्या गावात नोकरीला आलात आणि बदलीची वाट बघत बघत तेवीस वर्षं राहिलात. शाळा सुटली की आम्हा चार मुलींना खोलीवर बोलवायचात. तुम्ही स्टोव्हवर पिठलं ढवळताय, आम्ही ओळीने बसून शुद्धलेखन लिहितोय आणि तुमचं लक्ष पिठल्यावर कमी, आमच्या वेलांट्यांवर जास्त. सातवीत मी सुट्टीचा अर्ज लिहिला होता. आजी फार आजारी आहे हो बाई, मेहरबानी करा, असं काहीतरी. तुम्ही तो सगळ्यांसमोर वाचलात आणि परत माझ्या हातात दिलात. "अर्जात रडायचं नाही. काय हवं ते पहिल्या ओळीत, का हवं ते दुसऱ्या ओळीत, आणि मग गप्प बसायचं." मी घरी जाऊन रडरड रडले, पण तेव्हापासून माझा एकही अर्ज कुणी परत केला नाही. सातवी पास झाले तेव्हा तुम्ही मला पुण्याचा घडीचा नकाशा दिलात, त्यात तुमच्या घरावर पेन्सिलीने फुली मारलेली होती. इतर मुली फ्रॉकचं कापड मिळालं म्हणून नाचत होत्या आणि मी लक्ष्मी रस्ता कुठून कुठे जातो ते पाठ करत होते. हे खूळ तुम्ही माझ्या डोक्यात घातलंत. हुशार पोरीनं इथे कुजायचं नाही, हे वाक्य तर किती वेळा ऐकवलंत.

नाही कुजले. लग्नानंतर, मूल झाल्यावर स्पर्धा परीक्षा दिली, सरकारी कार्यालयात लागले आणि पुण्याला नेमणूक झाली. ह्यांचं तालुक्याला स्टँडजवळ मोटार वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळली की लोक ती गाडीवर बांधून ह्यांच्याकडे आणायचे. पेरणीच्या दिवसांत जेवायची फुरसत नसायची. आसपासच्या गावांत एक माणूस नव्हता ज्याला ह्यांचं नाव माहीत नाही. ते दुकान भावाकडे देऊन हे माझ्यामागे आले, एका शब्दाने कुरकुरले नाहीत. इथे स्वारगेटपासून कात्रजपर्यंत दुकानं फिरले. कुणी म्हणालं नंतर या, कुणी म्हणालं हेल्पर म्हणून राहा. मग मुलीला शाळेत सोडायचे, आणायचे आणि गॅलरीत उभे राहायचे. शेजारी मला विचारतात, "मिस्टर काय करतात?" आणि मी म्हणते, "त्यांचा बिझनेस आहे, गावाकडे." बघा, खोटं बोलायलाही शुद्ध शिकले.

मागच्या महिन्यात एका सकाळी सोसायटीत पाणीच आलं नाही. मोटार नुसती गुणगुणत होती, फिरत नव्हती. वॉचमन कंत्राटदाराला फोन लावतोय, तो उचलत नाही, आणि प्रत्येक मजल्यावरून बादल्यांसकट माणसं खाली डोकावताहेत. हे चप्पल घालून खाली गेले. आमच्याकडे हापसा बंद पडला तर ज्याला कळतं तो पाइप ओढायला लागतो. आधी ठराव करत नाहीत. ह्यांनी मेन बंद केलं, कपॅसिटर गेला आहे हे ओळखलं, स्वतःच्या पिशवीतला काढून बसवला. वीस मिनिटांत टाकीत पाणी. वर आले तेव्हा कोपरापर्यंत ग्रीस होतं आणि पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा शीळ घालत होते. मुलीला म्हणाले, "जाय, नळ सोडून पाह्य." तो चेहरा मी विसरणार नाही.

संध्याकाळी नोटीस बोर्डावर कागद लागला. "पंपाच्या खोलीत अनधिकृत व्यक्तींनी आपले कौशल्य दाखवू नये. हात शिवशिवत असल्यास ते स्वतःच्या घरात वापरावेत." काय सुबक अक्षर होतं बाई, तुम्ही दहापैकी दहा दिले असते. कंत्राटदाराशी वर्षाचा करार आहे, दुसऱ्याने हात लावला की तो अंग काढून घेतो, हे मला नंतर कळलं. ठीक आहे, नियम असतो. पण त्या दिवशी सगळ्या इमारतीने आंघोळ केली ती कुणाच्या जिवावर? ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. हे बोर्डासमोर बराच वेळ उभे होते. मग मला म्हणाले, "म्या काय चोरी केली काय?"

मी सांगितलं, लेखी माफी द्यावी लागेल, नाहीतर घर सोडावं लागेल. आणि लिहायला बसले. पहिल्या ओळीत काय हवं, दुसऱ्या ओळीत का हवं. "माझ्या हातून अनवधानाने नियमभंग झाला, याबद्दल मी दिलगीर आहे." कार्यालयात मोठ्या साहेबांसाठी मसुदे करते तसा नेटका मसुदा, रडारड नाही. ह्यांनी तो सावकाश वाचला, शेवटपर्यंत.

"हे तू लिवलं?"

"हो."

"चांगलं लिवलं," म्हणाले, आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. निवृत्त माणूस, शर्ट इस्त्रीचा. म्हणाले, पत्र उत्तम आहे, हल्ली असं मराठी वाचायला मिळत नाही, आपण मूळच्या इथल्याच का? मी म्हणाले, नाही, पण माझ्या बाई नारायण पेठेतल्या होत्या. आणि मी हसले, बाई. अगदी मनापासून हसले. हे आत मुलीला भरवत होते, त्यांना सगळं ऐकू गेलं. त्या दिवसापासून हे गॅलरीतसुद्धा उभे राहत नाहीत. काल फ्लश बिघडला तर म्हणाले, प्लंबरला बोलाव.

तुम्ही आलात तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात वावटळीने तुमच्या खोलीवरचे पत्रे उडाले होते. माझे काका आणि आणखी दोघं न विचारता छपरावर चढले. तुम्ही खाली उभं राहून ओरडलात, विचारायची काही पद्धत आहे की नाही? मग त्यांच्यासाठी चहा टाकलात. गावात ही गोष्ट कितीतरी वर्षं हसत सांगायचे, पण तुमच्याकडून कुणी काही लिहून घेतलं नाही. आमच्यातलं काय काय टाकायचं ते तुम्ही मला रोज शिकवलंत. तुम्ही स्वतः तिथे तेवीस वर्षं कशाच्या बळावर काढलीत, ते एकदाही सांगितलं नाहीत. कधी वाटतं, तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही लपवलंत. कधी वाटतं, तुमच्याही लक्षात आलं नव्हतं. दोन्हींचा मला सारखाच संताप येतो.

आता एवढं लिहिलंच आहे तर उरलेलंही लिहिते. हा कागद तसाही मी फाडणार आहे. बाई, लेखी माफी कुणी मागितलीच नव्हती. घर सोडायचंही कुणी म्हणालं नव्हतं. कागद लागला त्या संध्याकाळी सेक्रेटरी मला जिन्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले होते, "पुढच्या वेळी आधी कळवत जा." झालं. विषय तिथेच संपला होता. वर येऊन ह्यांना बाकीचं मी माझ्या मनाचं सांगितलं. या घरातही कुणाला तरी तसं लिहिता येतं, हे मला त्या बोर्डाला दाखवायचं होतं. माझ्या अक्षराखाली त्यांची सही घेतली. त्यांना हे अजून माहीत नाही. दहा पावलांवर आहेत ते, आणि सांगते आहे मी तुम्हाला.