बाबांना घेऊन किमोलोसला

किमोलोस,
जूनची अखेर

प्रिय स्ट्रातीस,

हे पत्र उभ्या-उभ्या वाचू नकोस. फरशांच्या दुकानात असशील तर घडी घालून खिशात ठेव आणि घरी जाऊन वाच, नाहीतर गिऱ्हाइकांवर ओरडत सुटशील. ज्यावर तू चिडणार आहेस ती बातमी आधीच सांगून टाकते. तुझा दानिएल मित्रांबरोबर स्पेनमध्ये नाही. तो इथे आहे, आपल्या घरात, आणि दुपारचं जेवून बाबांच्या खाटेवर आडवा पडून घोरतो आहे. बाबांना पिरेयसहून बेटावर आणलं ते त्याने आणि मी. त्याने तुला सांगितलं नाही, कारण तू काय म्हणशील ते त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक आहे. म्हणून तर फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देणार नाहीस. शेवटपर्यंत वाच आणि मग हवं तेवढं ओरड. मी मोठी बहीण आहे, मला सवय आहे.

बाबा गेले तेव्हा वारा हट्टाला पेटला होता, बंदरातून एकही बोट सुटत नव्हती, म्हणून त्यांना तिकडेच अथेन्स शहरात पुरावं लागलं, हे तुला आठवत असेल. आणि शहरात मेलेला माणूससुद्धा भाडेकरूच असतो. तीन वर्षं झाली की अस्थी उकरून पेटीत भरा आणि जागा रिकामी करा. दफनभूमीतून निरोप आला तसं मी तुला कळवलं, आणि तुझं एका ओळीचं उत्तर आलं, ‘तुला योग्य वाटेल ते कर.’ मला राग आला नाही असं म्हणणार नाही. पण माझं ते पत्र तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलं होतं आणि ते दानिएलने वाचलं. त्याचा मला फोन आला, तोही ग्रीकमध्ये. म्हणाला, “आत्या, पेटी कोण उचलणार? तुझी कंबर दुखते ना? मी येतो.” मी दोनदा विचारलं, कोण बोलतंय म्हणून. वर्षभर तो संध्याकाळी व्यायामशाळेत जातो असं तुला सांगून ग्रीकच्या वर्गाला जात होता. तुझे पैसे तेवढे दंडांवर खर्च झालेले नाहीत, हे त्याच्या दंडांकडे पाहून तुला कळायला हवं होतं.

तुमचं भांडण मी पुन्हा उकरून काढत नाही. पण एकदा मांडू दे, कारण मधे कोणी ते नीट मांडलंच नाही. आपल्याकडे पहिल्या मुलाला आजोबाचं नाव. बाबांना त्यांच्या आजोबांचं मिळालं, तुला त्यांच्या बापाचं मिळालं, आणि तुझ्या मुलाला त्यांचं स्वतःचं ‘झानीस’ मिळणार हे बाबांनी इतकं गृहीत धरलं होतं की बाळ जन्मलं त्या दिवशी ते कॉफीच्या दुकानात सगळ्यांना सांगून आले, “छोटा झानीस आला.” दोन दिवसांनी तुझा फोन आला की नाव दानिएल ठेवलं. तुझ्या सासऱ्यांचं, शॅरनच्या वडिलांचं असतं तरी त्यांनी एकवेळ गिळलं असतं. पण तू म्हणालास, आवडलं म्हणून ठेवलं. ते म्हणाले, “मला जिवंतपणी पुरलंस.” तू फोन ठेवलास. त्यांनी पुन्हा केला नाही, तूही केला नाहीस. मी मधे किती वर्षं पोस्टमनगिरी केली ते देवाला माहीत. ते विचारायचे, “मेलबर्नला पाऊस कसा आहे?” मी तुला विचारायची, तू म्हणायचास, “बरा आहे.” एवढंच चालायचं तुमचं.

तर दानिएल आला. मला वाटलं होतं, दफनभूमीत तो बाहेर थांबेल. तो आत आला. मी स्वतःच धास्तावले होते, स्ट्रातीस, खरं सांगते. अस्थी काळ्या निघाल्या तर आत्मा अडकला म्हणतात, आणि बाबांना ओळखणाऱ्या निम्म्या बेटाची पैज काळ्यावरच होती. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. तिथली बाई एकेक अस्थी वाइनने धूत होती आणि उन्हात चादरीवर मांडत होती. पिवळ्या, स्ट्रातीस. मेणासारख्या पिवळ्या. दानिएलने माझ्या कानात विचारलं, “हे चांगलं की वाईट?” त्या बाईनेच उत्तर दिलं, “पोरा, असा रंग रोज बघायला मिळत नाही. सुटला तुझा म्हातारा.” मी तिथेच रडायला लागले. दानिएलने मला धरलं आणि दुसऱ्या हाताने चादरीचा उडणारा कोपरा दाबून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पिरेयसच्या बंदरावर पोचलो. तोच गोंधळ, तेच चीज भरलेले पॅटिस, तेच लोक दाराला रेटून उभे. माझ्या हातात पिशव्या, दानिएलच्या हातात पेटी, वरून मी माझी निळी शाल गुंडाळलेली. बोटीत खाली गाड्यांच्या मजल्यावर एक खलाशी प्रत्येकावर खेकसत होता. दानिएलला म्हणाला, “ए दादा, सामान इकडे फळीवर टाक.” दानिएल म्हणाला, “हे सामान नाही. आजोबा आहेत.” त्याचा उच्चार असा की खलाशाला वाटलं हा थट्टा करतोय. म्हणाला, “मग आजोबांचं तिकीट कुठंय?” मी शाल बाजूला केली. पेटीवरचा फोटो पाहून त्याने टोपी काढली, क्रूसाची खूण केली आणि विचारलं, “कुठं निघालेत?” मी सांगितलं, किमोलोस. तर म्हणाला, “खिडकीजवळ बसवा. वाऱ्याचा जोर आज सातवर आहे, म्हाताऱ्यांना आत घुसमटतं.” आणि तो खरोखर पुढे जाऊन आमच्यासाठी खिडकीजवळची जागा रिकामी करून आला. ज्या पोरांना उठवलं ती कुरकुरली, तेव्हा म्हणाला, “तुमच्यापेक्षा जास्त वेळा या पाण्यातून गेलेत ते.”

समोर कोण येऊन बसावं? मारुसो. आपल्या खालच्या आळीतली, जिच्या अंजिराच्या झाडावरून पडून तू हात मोडून घेतला होतास. आता वाकली आहे पण तोंड तेवढंच चालतं. अथेन्सला डोळ्याचं ऑपरेशन करून परत निघाली होती, एका डोळ्यावर पट्टी. उरलेला डोळा तिने दानिएलवर रोखला आणि इथे प्रत्येक परक्याला विचारतात तेच विचारलं, “तू कोणाचा रे?” दानिएलने वर्गात घोकलेलं वाक्य म्हटलं, “मी झानीसचा. स्ट्रातीसचा मुलगा.” मारुसो म्हणाली, “अरे देवा! म्हणजे ज्याचं नाव ठेवलं नाही, तो तू!” आसपासची चार डोकी वळली. मला वाटलं, झालं, पोरगं आता उठून जातंय. पण तो हसला. म्हणाला, “हो, तोच मी. नाव ठेवलंय, फक्त दुसरं आहे.” मारुसोने पिशवीतून लादेनियाचा डबा काढला, कांदा-टोमॅटो घातलेल्या त्या पावाचा भलाथोरला तुकडा त्याच्या हातात कोंबला आणि म्हणाली, “खा. बापासारखाच बारीक आहेस.”

किथनोस बेट मागे पडलं तशी बोट हलायला लागली. दानिएलने मारुसोचा सगळा लादेनिया समुद्राला परत दिला. चेहरा पांढराफटक, पण पेटी मांडीवरून खाली ठेवेना. मी म्हटलं, माझ्याकडे दे. तर मान हलवली. मारुसो ते बघत होती. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, “आर्गिरो, या पोराला सांगितलंस का डिसेंबरचं?” मी म्हटलं, कुठलं डिसेंबरचं? तर ती हात कपाळाला लावून बसली. पुढचं तिच्याच शब्दांत लिहिते, माझे शब्द कमी पडतील.

“तुला ठाऊक नाही? तू कशाला थंडीत बेटावर येशील म्हणा. अगं, दर डिसेंबरात, दानिएल संदेष्ट्याच्या दिवशी तुझा बाप कॉफीच्या दुकानात जायचा आणि असतील नसतील त्या सगळ्यांना पाजायचा. घरातल्या कुणाच्या नावाच्या संताचा सण असल्यासारखं. पहिल्या वर्षी माझ्या नवऱ्याने विचारलं, ‘झानीस, आज कुणाचा दिवस रे?’ तर म्हणाला, ‘तुला प्यायचंय की चौकशी करायचीय?’ पुन्हा कोणी विचारलं नाही. बेटावर त्या नावाचं दुसरं होतं कोण? आणि वर दम, की यातला एक शब्द जरी ऑस्ट्रेलियाला गेला तर माझ्याशी गाठ आहे. आम्ही तरी काय करणार? त्याची पिऊन बसलो होतो.”

ती इतक्या भरभर बोलली की दानिएलला अर्धंच कळलं. त्याने मला विचारलं, आणि मला ते सगळं पुन्हा सावकाश सांगावं लागलं.  त्याने पेटीवर हात ठेवला. मग मारुसोला म्हणाला, “दरवर्षी? मग एकदा फोन का नाही केला?” मारुसो म्हणाली, “फोन करायला काय, बोट फिरवलं की झालं. पुढे बोलायला यायला हवं ना, बाळा. ते त्याला कुठे यायचं?” दानिएल उठला आणि पेटी घेऊनच बाहेर डेकवर गेला. मी जाऊ लागले तर मारुसोने मला पदराला धरून बसवावं तसं बाहीला धरून बसवलं. सेरिफोस आलं, गेलं. सिफनोस आलं, गेलं. खिडकीतून मला त्याची पाठ दिसत होती. खलाशी त्याच्याजवळ जाऊन काहीतरी बोलला, त्याला एक सिगारेट दिली, याने नाही म्हटलं, मग दोघं नुसतेच कठड्याला टेकून उभे राहिले.

धक्क्यावर आपले पाद्री, पापा-निकीतास, जुन्या ट्रकजवळ वाट पाहत होते. पेटी ट्रकमध्ये ठेवा म्हणाले, तर दानिएलने ऐकलं नाही. खालपासून वर चर्चपर्यंत तो चढ चढत गेला आणि दारोदार बायका बाहेर येऊन विचारत होत्या, “कोणाचा हा?” मारुसो ट्रकमध्ये बसून खिडकीतून ओरडून सांगत होती. बाबांना आईशेजारी ठेवलं. प्रार्थना झाल्यावर पापा-निकीतास दानिएलला म्हणाले, “चांगलं नाव आहे तुझं. तो संदेष्टा दानिएल, सिंहांच्या गुहेत टाकलं तरी घाबरला नाही.” दानिएल म्हणाला, “माझ्या घरात मी एकाच सिंहाला घाबरतो.” सगळे हसले. मी हसले नाही, कारण तो तुझ्याबद्दल बोलत होता.

आता का लिहिते ते ऐक. दानिएल परत येणार नाही, निदान वर्षभर तरी नाही. दातांच्या कॉलेजातून त्याने वर्षाची सुट्टी मागितली आहे. बाबांची होडी शेडमध्ये पडून आहे, ती तो दुरुस्त करतोय. हात सोलवटलेत आणि इतका खूश आहे की बघवत नाही. तो इथे राहील, भाषा शिकेल, कदाचित पुढच्या वर्षी तिकडे परत येऊन दातच काढेल लोकांचे, कदाचित नाही. तुला हे सांगायला तो कचरतोय. काल मला म्हणाला, “आत्या, आधी तू लिही. बाबा एकदा चिडले की ऐकूनच घेत नाहीत.” स्ट्रातीस, हेच वाक्य तू ज्या वर्षी मेलबर्नला निघालास तेव्हा माझ्या खोलीच्या दारात उभा राहून मला म्हणाला होतास, शब्दाला शब्द. तेव्हा मी बाबांकडे गेले होते, आणि त्यांना ऐकून घेणं जमलं नाही. जुलैच्या दुसऱ्या रविवारी, तुझ्याकडे सकाळ असताना, तो तुला फोन करेल. ग्रीकमध्ये बोलेल, अडखळेल, मधेच गप्प होईल. फोन ठेवू नकोस. त्याचं बोलून होईपर्यंत गप्प बस. आपल्या घरातल्या एकाही पुरुषाला हे आजवर जमलेलं नाही. तू करून दाखव.

खूप खूप माया.

तुझीच मोठी बहीण,
आर्गिरो