लाल गाडी, चार लिंबं आणि कनकाचं नक्षत्र

पश्चिम मांबळम, चेन्नई
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप अप्पाजींच्या चरणी अनंतकृष्णाचा साष्टांग नमस्कार (सध्या कागदावरूनच, गुडघ्यांची हकीकत पुढे येते आहे). आपली प्रकृती, वहिनींची कंबर आणि तंजावरचं ऊन ही तिन्ही सोसण्याजोगी असतील अशी आशा करतो. इकडे आपली धाकटी बहीण, म्हणजे माझी सौ. कनका, ठणठणीत आहे. इतकी ठणठणीत, की त्यामुळेच हे पत्र लिहायची वेळ माझ्यावर आली.

आपण मोठ्या मनानं कळवलंत, की यापुढे आपण गाडी चालवणार नाही आणि आपल्या तीर्थरूपांनी मद्रासेत नवी घेतलेली ती जुनी गाडी मला द्यायची आपली इच्छा आहे. मी उत्तर पाठवलं नाही. मी आळस केला असं कनकानं फोनवर सांगितलं असेल, तर ते साफ खोटं आहे. मी निवड करत होतो. माणसानं सत्तरीत निवड करायची म्हटली, की लोक समजतात तो विसरला.

पार्श्वभूमी अशी. आमच्या फाटकाचा खांब मला घासला. (खांब जागचा हलला नव्हता, हे रंजनीचं म्हणणं. पोटची मुलगी आणि बाजू खांबाची.) त्यावर तिनं जाहीर केलं की अप्पांनी, म्हणजे मी, आता गाडी चालवणं पुरे, आणि दुसऱ्या दिवसापासून माझी गाडी स्वतः श्रीपेरुंबुदूरला कामावर घेऊन जाऊ लागली. कंपनीची बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबते, अप्पाजी. ती रोज तिथे थांबते, वाट बघते आणि रंजनीला न घेता निघून जाते, आणि मी ते गॅलरीतून बघतो. तेव्हा प्रश्न जुनी गाडी की नवी एवढाच नव्हता. या घरात गाडी मी चालवायची की नाही, हा खरा प्रश्न होता.

आपल्या गाडीबद्दल मला आदर आहे. काच हातानं खाली करायची, दार हातानं लावायचं, आणि गाडी बिघडली की काय बिघडलं ते बॉनेट उघडल्यावर दिसतं. पण जुना माणूस जुन्या गाडीत दिसला की लोक आधी ढकलायलाच पुढे येतात. म्हणून मी ठरवलं, की घ्यायची तर स्पोर्ट्स कार घ्यायची. लाल, दोन माणसांची, जमिनीला चिकटलेली. तिच्यात बसलेल्या माणसाला खांबाबद्दल कोणी विचारणार नाही. कनकाला हे सांगितलं तेव्हा ती वांगी चिरत होती, आणि तिनं वांगी चिरणं थांबवलंसुद्धा नाही.

शोरूममधून मंदार नावाचा विक्रेता गाडी घेऊन दारात आला. मुलगा सातारचा, इकडे येऊन वर्ष झालं असेल. मी त्याच्याशी मराठीत बोललो, तर गृहस्थ प्रसन्न होऊन म्हणतो, "काका, तुमचं मराठी छान आहे. कुठे शिकलात?" अप्पाजी, आपली घराणी तंजावरात आली तेव्हा याच्या शोरूमच्या जागी खारं पाणी असेल. आपण तीनशे वर्षं सांभारात पोहत पोहत ही भाषा सांभाळली, ती या मुलानं प्रमाणपत्र द्यावं म्हणून काय? मी आभार मानले, कारण गाडीची किल्ली त्याच्या हातात होती. (किल्ली म्हणजे किल्ली नव्हेच. खिशात ठेवायचा एक गोटा. तो कुठे घालायचा नाही, फिरवायचा नाही.)

मी गाडीत बसलो. बसलो हे आपलं म्हणायचं. त्या गाडीत माणूस वरून पडतो. पडल्याबरोबर ती बोलू लागली. पट्टा लावा म्हणाली, आरसा नीट करा म्हणाली, आणि थोड्या वेळानं, तुम्ही थकलेले दिसता, कॉफी घ्या, असंही म्हणाली. गाडी अजून फाटकातून बाहेर निघायची होती. मला थकलेला म्हणायला घरात पुरेशी माणसं आहेत, त्यासाठी परदेशी यंत्र आणायची गरज नाही. तरीही सांगतो, ती सुरू झाल्यावर पाठीच्या कण्यातून जो गुरगुराट गेला, तसं सुख मला निवृत्तीनंतर पहिल्यांदा मिळालं. समुद्राकाठच्या रस्त्यानं थेट कोवलमपर्यंत (इथलं, केरळातलं नव्हे) जायचं, तिथे होड्या बघायच्या आणि परत यायचं, असा माझा बेत होता.

आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचलो. तिथला गतिरोधक तुम्ही पाहिलेला आहे. त्याच्यावर गाडीचं पोट असं काही खरवडलं, की मंदार पांढरा पडला आणि खाली वाकून बघायला उतरला. आता हा गतिरोधक नेमका पिळ्ळैयाराच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळासमोर, वार शुक्रवार, आणि देवळातून कनका बाहेर येत होती. गुरुक्कळांनी, म्हणजे तिथल्या पुजाऱ्यांनी, कोरी करकरीत लाल गाडी देवासमोर थांबलेली पाहिली आणि कोणाला काही न विचारता तबक घेऊन बाहेर आले. आपल्याला ठाऊकच आहे, आपल्या गावात नवी गाडी देवळासमोर उभी राहिली म्हणजे ती पूजेलाच आलेली असते. ही फक्त चालवून बघायला आणली आहे, विकत घेतलेली नाही, हे सांगण्याचं धैर्य मला झालं नाही. पुजारी कापूर लावून उभा असताना नाही म्हणणारा माणूस आपल्या कुळात जन्मला नाही.

त्यांनी बॉनेटवर चंदन फासलं, कुंकू लावलं, हार घातला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मग गोत्र, नक्षत्र आणि नाव विचारलं. त्या वेळी मी एक पाय बाहेर काढण्याच्या खटपटीत होतो, तेव्हा उत्तर कनकानं दिलं. गोत्र आमचंच सांगितलं (त्यात तिला पर्याय नव्हता). पण नक्षत्र सांगितलं रोहिणी, आणि नाव सांगितलं कनका. मागून म्हणते, दर शुक्रवारी तेच सांगायची सवय, तोंडातून गेलं. असेल. मी वाद घालत नाही. मी फक्त लिहून ठेवतो.

आरती घ्यायला खाली उतरायला हवं. मला गुरुक्कळ, मंदार आणि फुलवाली अशा तिघांनी मिळून बाहेर ओढलं. मी देवासमोर उभा राहिलो तो प्रथम चौकोनी, मग हळूहळू सरळ. आरती घेतली, परत आत बसायला गेलो, तर गुडघे साफ नाही म्हणाले. इकडे गुरुक्कळ घाई करू लागले, की राहुकाळ लागायला आला, गाडी लिंबांवरून आता गेली पाहिजे. मंदारनं घड्याळ पाहिलं, मी गुडघ्यांकडे पाहिलं. कनकानं पदर खोचला.

"सरि, बरं," ती म्हणाली, "गाडी मी नेतें. तुम्ही सावकाश या."

आणि नेली, अप्पाजी. चारी लिंबं एकदम फुटली. तो गतिरोधक तिनं असा तिरका घेतला, की पोटाला काही लागलं नाही. मंदार शेजारी, ती चालवते आहे, आणि दोन माणसांच्या गाडीत तिसऱ्याला जागा नाही, म्हणून गाडीचा होऊ घातलेला मालक देवळासमोर हातात अर्धा नारळ घेऊन उभा. फुलवालीनं मला बसायला स्टूल दिलं. कनका कोवलमला जाऊन होड्या बघून आली. माझ्यासाठी मासेवाल्यांचे फोटो आणले, आम्ही शाकाहारी असूनही.

आता माझा मूळ संताप, आणि तो आपल्यावर आहे, राग मानू नये. तिला गाडी चालवायला तुम्ही शिकवलंत. त्याच जुन्या गाडीवर, लग्नाआधी. स्थळ सांगताना आपल्याकडून कळवलं होतं, की मुलगी वीणा वाजवते, कोलम म्हणजे रांगोळी उत्तम काढते आणि स्वभावानं शांत आहे. गाडीचा उल्लेख कुठेही नव्हता. तिनं लायसन्स इतकी वर्षं नेमानं नवं करून घेतलं आणि मला वाटायचं, पत्त्याचा पुरावा म्हणून घेते.

शोरूममध्ये वेगळाच घोळ. मंदार कुंकू पुसायला निघाला, तर त्याचे मॅनेजर, इथलेच, त्याच्यावर खेकसले. म्हणाले, बाईंच्या नावानं संकल्प झाला, लिंबांवरून त्यांनीच नेली, आता ही गाडी मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडानं दाखवू? दोन दिवस फोन चालले. शेवटी कनकानंच सोडवलं. गुरुक्कळांना सांगून तिनं दुसरी अर्चना देवाच्याच नावानं करवली, आणि मॅनेजरचं समाधान झालं. म्हणजे सध्या ती लाल गाडी पिळ्ळैयाराच्या नावावर आहे. उंदरावरून उतरून त्या गाडीत बसणं त्यालाही माझ्याइतकंच जड जाईल.

रंजनीनं हे सगळं ऐकून काय म्हणावं? म्हणाली, छान झालं, मामांची गाडी घ्या, अम्मा चालवेल, अप्पा शेजारी बसतील. एका वाक्यात निकाल. अप्पाजी, मला फार लागलं. लग्नापासून कनका डावीकडे बसली आणि मी उजवीकडे. बँकेत नोकरीला होतो तेव्हा वरचे ऐकायचे नाहीत, घरात कोणी ऐकत नाही. माझं ऐकणारं एक स्टिअरिंग होतं. ते गेल्यावर मी नुसता पिशव्या सांभाळायला बसवलेला माणूस उरतो, आणि या भीतीनं मला परवा दुपारची झोप लागली नाही, हे आपल्याशिवाय कोणाला सांगणार.

तरी आपली गाडी मी आनंदानं स्वीकारतो. तिच्या दारातून माणूस उभ्याचा बसतो आणि ती कोणाला कॉफी घ्या म्हणत नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि आपल्या पायांशी माझा राग.

आपला,
अनंतकृष्ण

ता. क. गाडी निघण्यापूर्वी तिची पूजा तिकडेच करून घ्यावी, ही खरी विनंती. इथे आली की कनका शुक्रवारची सवय पुन्हा दाखवेल. गोत्र आपल्याला माहीत आहे, नक्षत्र पूसम म्हणजे पुष्य, नाव अनंतकृष्ण. पुजाऱ्यांना नाव मोठ्यानं घ्यायला सांगावं, आणि त्या वेळी कनकाला फोन लावून ठेवावा.

दुसरा ता. क. हे पत्र कनकाला दाखवलेलं नाही. पाकीट चिकटवायला तेवढं तिच्याकडे देतो आहे, डिंक कुठे ठेवला आहे ते मला सापडत नाही.

अण्णास कनकाचा नमस्कार. पूजा ह्यांच्याच नांवानें करवा. मोठ्यानें घेऊं द्या नांव. किल्ली तेवढी मजकडे पाठवा. कोवलमपर्यंत मी नेईन, येतांना ह्यांस देईन.