चोपड्याचे चीज

४ नोव्हेंबर २०१८, रविवार. सकाळी ६

आजपासून रोज लिहिणार. तुयेच्या औषध कंपनीत सव्वीस वर्षे पॅकिंगला काढली, रिटायर होऊन तीन महिने झाले. माणसाने रिकामे बसू नये. ठरवले: चीज करायचे. केरीच्या बीचवर गोवा बघायला फॉरेनर येतात, त्यांना कच्च्या दुधाचे, हाताने केलेले चीज लागते. दोन गायी आहेत, गोठा आहे, मोबाइलवर व्हिडिओ आहेत. आमच्या चोपडे गावात हे अजून कोणाला सुचलेले नाही.

शेवंती म्हणाली, "दूध उकळूक जाय." तिला समजावले की उकळले की त्यातला जीव जातो. ती म्हणाली, जीव जावा म्हणूनच उकळतात. बायकोशी वाद घालायचा नाही, हा दुसरा संकल्प.

१३ नोव्हेंबर

पहिली खेप रबरासारखी झाली. दुसरी बालदीलाच चिकटली. तिसरी मात्र चीज. शेवंतीने चाखले, म्हणाली बरे आहे, मीठ कमी. मला तो वास सोसत नाही. प्रत्येक खेप तिनेच चाखायची असे ठरले. म्हणजे मी ठरवले.

२१ नोव्हेंबर

केरीला बीचवर महादेवच्या शॅकवर, म्हणजे झापाच्या हॉटेलात, दिले. त्याच्या गिऱ्हाइकांना आवडले. दर बुधवारी आण म्हणाला.

संध्याकाळी गंगा गायीची कास सुजलेली दिसली. दुधात गाठी. जनावरांचे सरकारी डॉक्टर उद्या येतो म्हणाले. उद्यापर्यंत कोण थांबणार? बाजारातून इंजेक्शन आणून मीच टोचले. सव्वीस वर्षे अँटिबायोटिक या हातांनी डब्यांत भरली आहेत. मला कोण काय शिकवणार.

२४ नोव्हेंबर

सूज उतरली. पाच दिवस टोचा, औषध चालू असेपर्यंत आणि पुढे चार दिवस दूध फेकून द्या, असे डॉक्टर म्हणाले होते, येऊ नका सांगायला फोन केला तेव्हा. तिसऱ्या दिवशी थांबवले. बऱ्या झालेल्या जनावराला उगाच कशाला टोचायचे? दूध पहिल्या दिवशी फेकले. नंतरच्याचे चीज केले. मिठात काहीही मरते.

६ डिसेंबर

गंगाला परत सूज. दुसरीलाही लागण. जुने इंजेक्शन लागू पडेना, म्हणून दुसरे, भारी आणले. शिवाय दोघींच्या पेंडीत रोज थोडी पावडर, पुढची खबरदारी म्हणून. डॉक्टरांना कळवले नाही. त्यांना खूप कामे असतात.

१४ डिसेंबर

शेवंतीचे पोट बिघडले. काल बाजारातल्या शिंपल्या, तिसऱ्या, खाल्ल्या होत्या, त्याच असणार. मीही त्याच खाल्ल्या, पण माझे पोट मजबूत. घरातल्या दोन गोळ्या दिल्या. तिला बरे वाटले असावे. लवकर झोपली.

१७ डिसेंबर, दुपार

शेवंतीला ताप, हुडहुडी. ओठ पांढरे. मुलगी गौरवी म्हापशाहून गाडी घेऊन आली आणि आईला तिथल्या हॉस्पिटलात घेऊन गेली. मी धारा काढून मागून बसने गेलो. लेडी डॉक्टरांनी मला विचारले, घरी कच्चे दूध पिता का? मी म्हणालो, चहाचे दूध रोज उकळतो. हे खरेच आहे.

१९ डिसेंबर

ताप उतरत नाही. औषध बदलले. शेवंती डोळे मिटून असते. हाक मारली की नुसती मान हलवते.

महादेवचा फोन. नाताळासाठी चार किलो पाहिजे. शब्द दिलेला आहे आणि धंद्यात शब्द पाळावा लागतो. हॉस्पिटलातून येऊन खेप बांधली, केरीला पोचवून परत गेलो. इतकी धावपळ या वयात दुसरा कोणी करणार नाही. चाखायला मात्र कोणी नव्हते.

२१ डिसेंबर

शेवंतीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. औषधांची मोठी यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. आर, आर, आर, आर. खाली दोनच ठिकाणी एस. मला धीर आला. आर म्हणजे रिझल्ट राइट असणार. गौरवीला तसे म्हणालो.

तिने रिपोर्ट माझ्या हातातून घेतला. मग म्हणाली, "पपा, आर म्हणजे रेझिस्टंट. आईच्या रक्तात जो जंतू आहे, तो या औषधांनी मरत नाही."

यादीतली सात नावे मी पॅक केलेली होती. त्यांतली दोन गोठ्यात.

डॉक्टरांनी विचारले, गायींना औषधे कोणाच्या सांगण्यावरून देता? मी म्हणालो, सरकारी डॉक्टरांच्या. गौरवी खिडकीबाहेर बघत होती.

२२ डिसेंबर

किडनीवर परिणाम झाला. शेवंतीला बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात हलवले. स्ट्रेचरवरून जाताना तिने माझा हात धरला. हात खूप गरम होता. मी म्हणालो, सगळे ठीक होईल. मला काय माहीत.

२३ डिसेंबर

ठरवले. डॉक्टरांना सगळे सांगायचे. कागदावर मुद्दे काढले: इंजेक्शने, पावडर, फेकून न दिलेले दूध. तीन वेळा वाचून पाहिले. दोन ठिकाणी "थोडेसे" असे लिहिले होते, ते खोडले.

इथल्या डॉक्टरांनी मध्येच थांबवले. म्हणाले, हे सगळे तुमच्या मिसेसनी म्हापशालाच पहिल्या दिवशी सांगितले आहे, केसपेपरवर आहे. मग विचारले, "ते चीज अजून कोण खातंय?"

एवढ्या दिवसांत मी हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता.

महादेवला सात फोन केले. उचलला नाही. सीझन आहे.

२४ डिसेंबर

सकाळच्या पहिल्या बसने केरीला. शॅकला तारे टांगले होते. मी सुरुवात केली, की एक लहानशी टेक्निकल बाब आहे. महादेव म्हणाला, "सरळ सांग." सरळ सांगितले.

तो खाली बसला. म्हणाला, "आवय खाता मरे. पावाक लावन. रोज." त्याची आई ऐंशीची आहे.

मग उठला. फ्रीजमधले उरलेले चीज आणून माझ्यापुढे ठेवले. ओरडला नाही. मी घेऊन निघताना म्हणाला, "शेवंतीवयनी कशी आसा?" मी बस धरली.

चीज बांबोळीला तपासणीला दिले.

३१ डिसेंबर

चीजमध्ये तोच जंतू. महादेवच्या आईचे पोट दोन दिवस बिघडले, आता बरी आहे. गिऱ्हाइके कुठे कुठे गेली कोणाला माहीत नाही. सरकारी डॉक्टर गोठ्यात येऊन गेले. गंगाला आता बाजारातले कुठलेच औषध लागू पडणार नाही म्हणाले. रोज धारा काढतो, दूध उकळतो आणि मागच्या खड्ड्यात ओततो.

६ जानेवारी २०१९

शेवंतीचा ताप पाच दिवस नाही. एस लिहिलेल्या दोन औषधांपैकी एक लागू पडले. किडनी निम्मी राहिली. उद्या डिस्चार्ज, पण चोपड्याला नाही. गौरवीकडे म्हापशाला राहणार. गौरवीने ठरवले की शेवंतीने, विचारले नाही.

संकल्प: रोज सकाळी तिच्यासाठी स्वतः पेज करून नेणार. मऊ, बिनतिखट. आता तिचे सगळे मी करणार.

९ जानेवारी

सात वाजता पेज घेऊन म्हापशाला. डबा टॉवेलात गुंडाळला होता, गरम राहावा म्हणून. दार गौरवीने उघडले. डबा घेतला आणि बाहेरच जमिनीवर ठेवला.

म्हणाली, बांबोळीला तुमच्या शौचाची तपासणी केली होती, तिचा रिपोर्ट काल आला. तोच जंतू तुमच्या पोटातही आहे. तुम्हाला त्रास देत नाही, पण आईला परत झाला तर काय होईल सांगता येत नाही. तुमच्या हातचे तिला सध्या काही नको.

औषध काय, विचारले. म्हणाली, औषध नाही. आपोआप गेला तर जाईल. दोन महिने, सहा महिने. हात धुवायचे.

आतून शेवंतीचा आवाज आला. बारीक झाला आहे. "आयले? बसूंक सांग. चाय दी त्यांका."

व्हरांड्यात बसून चहा घेतला. नंतर बाहेरच्या नळावर साबण लावून कप धुतला, दोनदा. धुतलेला कप कुठे ठेवायचा ते कळेना. हातात धरून उभा राहिलो.