धुरपताबाईचं गोंदण

प्रिय वैभू,

माझं पत्र पाहून हसशील, पोरी. व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून मोकळा होणारा तुझा बाप आज शेलूबाजारातल्या आपल्या स्टुडिओत, शटर अर्धं ओढून, पेन घेऊन बसलाय. पण परवा जे पाहिलं ते अंगठ्यात मावणारं नाही. बावन्न वर्षांचा झालो, त्यातली तीस वर्षं फोटो काढण्यात गेली, आणि माणसाचा चेहरा मी परवा पहिल्यांदा पाहिला. खोटं वाटेल, पण खरं आहे.

झालं असं, की मागच्या गल्लीतल्या धुरपताबाई मोठा फोटो काढायला आल्या. तुला ठाऊक आहे, आपल्याकडे म्हातारी माणसं जिवंतपणीच भिंतीवरचा फोटो करून ठेवतात; मागून पोरांची धावपळ नको. नवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून आल्या. मी त्यांना मागच्या अंगणात, चुन्याच्या भिंतीपुढे सावलीत बसवलं आणि माझी कायमची हिरव्या खुणेची ऑटो सेटिंग लावून बटण दाबलं. फोटोत चेहरा कोळसा झाला. त्याचं मला काय! कॉम्प्युटरवर गोरा केला, सुरकुत्या पुसल्या, कपाळावरचे डाग काढले, बारा बाय अठराची फ्रेम करून हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली आणि म्हणाल्या, "हे कोन बाई व्हय रे? मी मेल्यावर नातू हार घालतीन, त तो माह्या गळ्यात पडला पाह्यजे. या दुसरीच्या गळ्यात काहून?"

मी हसलो, तशी त्यांनी कपाळावर बोट ठेवून दाखवलं. मी पुसलेले ते डाग नव्हते. आठ वर्षांच्या असताना त्यांच्या आईनं मांडीवर घेऊन गोंदवून घेतलेलं ते गोंदण होतं.

धुरपताबाईंना उद्या या म्हणालो आणि कॅमेऱ्याच्या बॅगेत ती तुझी चिठ्ठी शोधली. अमरावतीचा फोटोग्राफीचा कोर्स संपवून आलीस तेव्हा तू ती कप्प्यात चिकटवली होतीस. त्या वेळी तू मला शिकवत होतीस आणि मी माना डोलावत होतो. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. चिठ्ठीत लिहिलंय, 'बाबा, कॅमेऱ्याला सगळं जग राखाडी वाटतं. पांढरी भिंत दिसली की तो तिला राखाडी करायला जातो आणि पुढचा माणूस काळा पडतो. त्याचं ऐकू नका. चाक एमवर, म्हणजे मॅन्युअलवर घ्या आणि माणसाकडे बघा.'

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच भिंतीपुढे धुरपताबाई बसल्या. मी चाक एमवर नेलं, तेही तीस वर्षांत पहिल्यांदा, आता सांगायला लाज कसली! आयएसओ दोनशे ठेवला, ॲपर्चर पाच पॉइंट सहा. शटर पाचशेवर होतं, तर फोटोत नुसती आकृती आली. उजेड वाढवायला अडीचशेवर आणलं, नाक-डोळे उमटले. सव्वाशेवर आणलं तेव्हा आतला काटा उजवीकडे सरकून सांगायला लागला, उजेड जास्त झाला, जास्त झाला. पहिल्यांदाच मी त्याचं ऐकलं नाही. बटण दाबलं, मागच्या पडद्यावर पाहिलं आणि तिथंच खाली बसलो.

वैभू, तो रंग काळा नाही गं. पाऊस पडून गेल्यावर आपल्या रानातली माती कशी तकाकते, तसा तो आहे. गालाच्या हाडावर तांबूस, कानशिलाशी जवळजवळ निळा, आणि कपाळावर, हनुवटीवर ते हिरवं गोंदण, जसंच्या तसं. एका चेहऱ्यात एवढं सगळं असतं, आणि मी तीस वर्षं त्याच्यावर पांढरी पावडर फासत आलो! धुरपताबाईंनी पडदा पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "हां. हे मी व्हय." त्या गेल्यावरही मी बराच वेळ अंगणात बसून होतो. भिंतीवरचा उजेडसुद्धा नवा वाटत होता.

मग मी आत येऊन जुनी हार्ड डिस्क लावली आणि तुझा तो फोटो उघडला. तीन वर्षांपूर्वी स्थळासाठी पाठवलेला. मूळ फोटो तसाच होता, हिरव्या खुणेवर काढलेला, त्यात तू आहेस त्यापेक्षा काळी. शेजारी मी गोरी केलेली. झोक्यावरून पडल्याचा तुझ्या हनुवटीवरचा व्रणही मी पुसला होता. पाहुण्यांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "फोटोतली पोरगी कुठं हाय?" तू चहाचा ट्रे खाली ठेवून आत गेलीस. तेव्हापासून तू कुणाच्या मोबाइलपुढेही उभी राहत नाहीस. मी इतके दिवस त्या पाहुण्यांनाच शिव्या घालत होतो. त्या दोन फोटोंत तू एकातही नाहीस, पोरी. अख्ख्या तालुक्यातल्या नवऱ्या मी टिपल्या आणि माझ्या लेकीचा एक धड फोटो माझ्याजवळ नाही.

आईला तू फोनवर सांगितलंस, कामरगावच्या हरीओमशी लग्न रजिस्टर पद्धतीनं होईल, आणि फोटोवाला नको. बरोबर आहे तुझं. त्या दिवशी कॅमेरा घरी ठेवून, हात मोकळे घेऊन येईन. पण त्याआधी एका दुपारी घरी ये आणि त्या भिंतीपुढे पाच मिनिटं बस. कॅमेऱ्यातलं कार्ड लगेच काढून तुझ्या हातात देईन, कॉम्प्युटरला शिवणारही नाही. पटलं नाही तर पुसून टाक. मी चुकलो, वैभू, तुला लपवलं. धुरपताबाईंचं सेटिंग तुझ्या चिठ्ठीखाली लिहून ठेवलंय, पण ते त्यांच्यापुरतं. तुझं काय ते तू समोर बसल्याशिवाय मला कळणार नाही.

तुझाच, वाट पाहणारा
बाबा