बिनमिठाचं कॉब्लर

१९ जुलै, शुक्रवार

सगळं बदललं ते आज सकाळी, जिन्यात, ऋचा मागे वळून "सौम्या, तुला पीचचं कॉब्लर येतं का रे?" म्हणाली त्या क्षणी.

"येतं की!"

कॉब्लर म्हणजे काय हेही माहीत नव्हतं! कामावर, केकच्या दुकानात पोचेपर्यंत मोबाईलवर शोधलं. अमेरिकेतला घरगुती पदार्थ. खाली फळं — साखर, लिंबू, दालचिनी लावून — आणि वर बिस्किट. आपलं पुड्यातलं नव्हे. मैद्यात थंड बटर चोळायचं, दुधात सैलसर भिजवायचं, चमच्या-चमच्याने फळांवर टाकायचं आणि ओव्हनमध्ये सारायचं. वरून खरपूस, खालून रसात भिजलेलं. दिसायला ओबडधोबड. म्हणजे मला जमेल.

रविवारी त्यांच्याकडे पाहुणे येणार. तिच्या आईने, मंदाकिनीकाकूंनी, बासुंदी ठरवलीय, पण ऋचाला हेच हवंय. "आणि मीठ अजिबात नको हं. कणभरसुद्धा. मलाही खायचंय." आजपासून तिचं जयापार्वतीचं व्रत. पाच दिवस अलूणं — मीठ तोंडात घालायचं नाही. आमच्याकडे कुणी करत नाही हे. आम्ही कोयलीच्या रिफायनरीपायी जळगावहून आलेले. ऋचाचं घर चार पिढ्या बडोद्यातलं, पणजोबा दरबारच्या नोकरीत, मैत्रिणी सगळ्या पटेल नि शाह. तिच्या घरात तिच्या आजीपासून सगळ्या करतात. तिचं हे पाचवं वर्ष. शेवटचं. मग उद्यापन.

व्रत कशासाठी ते इथे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. चांगला नवरा मिळावा म्हणून.

"बेकिंग पावडर चालेल का?" मी विचारलं.

"पार्वतीला विचारून सांगते."

हसली! माझ्याकडे बघून!

मी इंजिनियरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं — सरांच्या टेबलावर जर्नल आपटून निघालो तो परत गेलोच नाही — तेव्हा सगळी बिल्डिंग मला समजवायला वर आली होती. फक्त ऋचा आली नाही. आठवड्याने जिन्यात भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "जेवलास का?" शाळेत पाचवीपासून माझ्या पुढच्या बाकावर बसायची. पण खरं तर मी कामातून गेलो तो त्या "जेवलास का"ला.

२० जुलै, शनिवार — दुपार

सकाळीच खंडेराव मार्केट. पीच दाबून बघत होतो तर फळवाला — "भाई, दबावो नहीं, खाईने जुओ ने!" खाल्लं. गोड, जरा आंबूस. दोन किलो घेतले. आजचं ट्रायलचं, उद्याचं खरं.

बाबा नाइट शिफ्ट करून आले होते. ओट्यावर पसारा बघून — "इंजिनियर व्हायला पाठवला, तर चिरंजीव केकवर 'हॅपी बर्थडे टू पिंकी' लिहितात. आता घरीपण दुकान मांडलं."

"पिंकीला आवडतं."

"पिंकीच्या बापाला विचार, त्याला जावई म्हणून आवडेल का!"

मैदा चाळायला घेतला. आज भांडायचं नव्हतं.

रेसिपीत 'चिमूटभर मीठ' लिहिलंय. ते वगळलं. मिठाचा डबाच उचलून वरच्या फळीवर ठेवला, चुकून हात जायला नको! मैदा, साखर, बेकिंग पावडर, फ्रिजमधली बटरची वडी बारीक चिरून. बोटांच्या टोकांनीच चोळायचं, तळव्याची ऊब लागली की वितळतं. हे दुकानात शिकलो. तिसऱ्या वर्षापर्यंतच्या सगळ्या पेपरांपेक्षा हे जास्त लक्षात राहिलं.

२० जुलै — संध्याकाळ

आई सहज बोलून गेली. भाजी निवडताना. "उद्या ऋचाला बघायला येताहेत ना. अटलांटाचा मुलगा. अमोघ. त्याला म्हणे काहीतरी पीचचं आवडतं तिकडचं."

काहीतरी पीचचं!

उरलेलं पीठ उचलून कचऱ्याच्या डब्यात आपटलं. डबा कलंडला. आई ओरडली. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. माझ्या हाताने! मी! त्याच्यासाठी! आणि ती जिन्यात हसत होती!

आणि नेमकी तेव्हाच बेल. तीच. "झालं का ट्रायल? वास खालपर्यंत येतोय." दुसराच दिवस, पण चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. सकाळपासून दूध आणि केळं.

काय बोलणार होतो मी? बरंच काही. बोललो काय — "बस. वाढतो."

वाटीत काढून दिलं. गरम होतं. पहिला घास घेतला आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. मी समोर उभा, हातात झारा. मग खाली मान घालून सगळं संपवलं, वाटी चमच्याने खरवडली. "छान झालंय, सौम्या. खरंच."

गेली.

उद्या करणार नाही असं ठरवलंय. नाही केलं तर ती बाहेरून मागवेल. करीन.

२१ जुलै, रविवार

आज लिहायला हात होत नाही, तरी लिहितो.

सकाळी पीच चिरून झाले. बटर काढायला फ्रिज उघडला. आई मागून — "हे कशाला घेतोस? हे मीठवालं आहे ना."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? ब्रेडला लावायचं बटर. खारटच असतं. वाच की."

वाचलं. मीठ. स्पष्ट छापलेलं. लहानपणापासून रोज खातोय मी ते! दुकानात बटरचे फिकट ठोकळे येतात, बिनमिठाचे, ते वाचायची कधी वेळच आली नाही. बटर म्हणजे बटर. मिठाचा डबा फळीवर चढवला मोठ्या शहाणपणाने, आणि अख्खी वडी घातली! मी कालचं चाखलं होतं. मला गोडच लागलं. रोज मीठ खाणाऱ्याला काय कळणार!

आजचं आईने सायीचं लोणी काढलं होतं त्यात केलं. अगदी अळणी. पण कालची ती वाटी? ती तिच्या पोटात गेली. पाचवं वर्ष. शेवटचं.

दुपारी ट्रे घेऊन खाली गेलो. ठेवून पळणार होतो, पण काकू म्हणाल्या, "बस की रे." अमोघ, त्याची आई, ऋचाचे वडील. अमोघ उंच, चष्मा, आवाज हळू. एक घास घेऊन डोळेच मिटले त्याने.

काकू लगेच, "आमच्या ऋचाने —"

"नाही हं," ऋचा म्हणाली. "वरच्या सौमित्रने केलंय."

अमोघने उठून हात मिळवला. "तू हे शिकलास कुठे?"

"केकच्या दुकानात आहे."

"आणि कॉलेज?"

"सोडलं."

तो म्हणाला, "मीपण सोडलं होतं एकदा. दीड वर्ष घरी बसलो. बाबा बोलायचे नाहीत."

असं का बोलला तो? एखादा टोमणा मारला असता तर मी तिथेच काहीतरी करून बसलो असतो. बरं झालं असतं! त्याचा राग राग करायलाही जागा ठेवली नाही.

ऋचानेही खाल्लं. सावकाश. आजचं गोड होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. सहा माणसांत काय सांगू — काल मी तुझं व्रत मोडलं?

आणि खरं लिहू? वर येताना मनात आलं — मोडलं तर मोडू दे. नवऱ्यासाठीच आहे ना? मग होऊ दे वाकडं!

जिन्यातच थांबलो. स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

२२ जुलै, सोमवार

नाही सांगितलं.

२३ जुलै, मंगळवार

आज व्रताचा पाचवा दिवस, रात्री जागरण. चार वाजल्यापासून बिल्डिंगमध्ये पोरींची धावपळ. मेंदी, चनिया-चोळ्या, खालून हाका — "ऋचा, चाल ने! केटली वार?" ती गच्चीवर वाळलेली ओढणी काढायला आली. मी आधीच तिथे. मुद्दाम.

एका दमात सांगून टाकलं. बटर. मीठ. शनिवार. "मला माहीत नव्हतं गं, आईशप्पथ."

तिने ओढणीची घडी केली. "मला माहीत होतं."

"काय?"

"पहिल्या घासालाच कळलं. दोन दिवस मीठ नाही तोंडात. न कळायला काय झालं?"

"मग थुंकायचं ना! खाल्लंस का सगळं?"

"तू समोर उभा होतास."

एवढंच. मी तिचा हात धरला, काय काय बोललो — मग त्याला नाही सांग, आत्ता सांग, मी येतो खाली, काकूंशी बोलतो, कॉलेजला परत जातो, काय म्हणशील ते करतो —

तिने हात सोडवून घेतला. रागाने नाही. रागाने घेतला असता तर बरं.

"सौम्या, मी रविवारीच हो म्हटलंय. कुणी जबरदस्ती नाही केली. आवडला मला तो."

"आणि ती वाटी?"

"तुझं तोंड पडलेलं मला बघवलं नसतं. म्हणून खाल्लं. पण त्याला भलतं नाव देऊ नकोस. प्लीज."

खालून परत हाक आली. तिचे डोळे भरले होते. "पाच वर्षं केलं रे मी. एकदाही चुकले नाही. उद्या देवीसमोर पारणं कसं सोडू, तेच कळत नाहीये."

गेली. मी टाकीला टेकून बसून राहिलो. तिने माझ्यासाठी एवढी मोठी गोष्ट केली, आणि ती माझी नाही! या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच वेळी कशा वागवायच्या? कुणाला विचारू?

२४ जुलै, बुधवार — सकाळ

काकू वर आल्या होत्या. आईकडे. मी आतल्या खोलीत, दार अर्धवट उघडं. काकूंचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. पंचवीस वर्षं शाळेत पोरांना दटावलेली बाई, हुंदके देत होती.

ऋचाने पारणं सोडलं नाही. जागरणाहून आली, अंघोळ केली, देवीसमोर बसली आणि म्हणाली, आई, माझं मोडलंय. शनिवारीच. मीठ खाल्लं.

"कुठे खाल्लं, कुणी दिलं, तोंडच उघडत नाही हो! भटजींना फोन केला. ते म्हणाले, नकळत पोटात गेलं असेल तर दोष नाही, दुधाचा अभिषेक करा, व्रत पुरं झालं. मी तिला म्हटलं, नकळतच ना गं? तर म्हणते, नाही, कळून खाल्लं!"

आईने पाणी दिलं. पेल्याचा आवाज.

"शनिवारी साखरपुडा ठरलाय. रविवारी अमोघ परत जातो. आमच्याकडे उद्यापन झाल्याशिवाय सुपारी फुटत नाही. माझं तसंच, सासूबाईंचं तसंच. आता पुढच्या आषाढापर्यंत थांबा म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? आणि थांबतील का ते?"

काकू गेल्या. आई माझ्या दारात येऊन उभी राहिली. बटर कुठलं घातलं होतं ते तिला माहीत आहे. दार पुढे लोटून गेली.

एक वर्ष!

काहीही करायचं नाही. नुसतं गप्प बसायचं. ती इथेच, खालच्या मजल्यावर. तो तिकडे, सात समुद्रांपार. एका वर्षात काय वाटेल ते होऊ शकतं! मी परीक्षा देईन. नोकरी बघेन. मला कुणाचं काही हिसकावायचंसुद्धा नाहीये — आपोआप पदरात पडतंय.

आणि ती तिथे देवीसमोर उपाशी बसलीय. माझं नाव न घेता.

२४ जुलै — दुपार

खाली चाललोय. काकूंना सांगणार — मीठ मी घातलं. जळून, मुद्दाम, लपवून घातलं. तिला कळलंच नाही, म्हणजे तिला दोष नाही. ती म्हणेल, नाही, मला कळलं होतं. मी म्हणेन, मला पाठीशी घालतेय. काकूंना माझंच पटेल. कॉलेजमध्ये टेबलावर जर्नल आपटणारा पोरगा, एवढं करेलच!

मग त्या घरात परत पाऊल नाही. जिन्यात भेटली तरी ती बोलणार नाही. तिने काय केलं ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. आता खाली जाऊन तेच खोटं पाडायचं.

आई विचारतेय, "जेवून जा ना?"

नको. बसलो तर उठणार नाही.

चप्पल घातली. दार ओढून घेतो.